पाटी लावायला भिंत कुठे आहे?

प्रवासात आम्हाला एक खोड आहे. सभेला, शिबिराला, कुणाच्या लग्नाला, कुठेही गेलो की काम आटोपल्यावर आम्ही विचारतो, "इथे कुणी लेखक, कवी, शाहीर राहायचे का?" पत्ता मिळाला की परतीची एक एस.टी. सोडून द्यायची आणि ते घर गाठायचे. सोबतचे कार्यकर्ते सुरुवातीला वैतागायचे. आता तेच आधी विचारतात.

काही वर्षांपूर्वी कोकणात मालगुंडला गेलो होतो. गणपतीपुळ्याला दर्शनाला आलेल्या गाड्यांची रांग ओलांडून थोडे पुढे गेले की केशवसुतांचे जन्मघर लागते. कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ मध्ये तिथे स्मारक उभे केले आणि घर नीट राखले आहे. केशवसुतांशी आमचे भांडण नाही. 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' नावाची कविता एकोणिसाव्या शतकात लिहिणारा हा माणूस. ब्राह्मण घरात जन्मूनही त्याला तो प्रश्न दिसला, याची नोंद आम्ही आदरानेच करतो. पण त्या घरात उभे असताना आमच्यातला एक तरुण सहज बोलून गेला, "कवीचे घर सापडले. कवितेतल्या त्या पोराचे घर कुठे असेल?" सगळे हसले. बसमध्ये बसल्यावर कुणी हसत नव्हते. ते पोर मोठे होऊन कवी झाले असते, तर त्याच्या घराकडे कुणी वाट वाकडी करून आले असते का? आले असते तर त्याला काय सापडले असते?

जळगावचे उदाहरण घ्या. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. अक्षर न शिकलेली शेतकरी बाई, कविता तोंडाने रचणारी, १९५१ साली वारली आणि मरणानंतर पुस्तक निघाले. तिचा वाडा पाहताना आम्हाला भरून आले, हे खोटे सांगत नाही. बहुजन बाईच्या घरी लोक येतात, हे मोठेच आहे. तरीही लक्षात घ्या, घर टिकले कारण ते घराण्याच्या नावावर होते, पुढची पिढी त्यात राहिली, वस्तू फेकायची पाळी आली नाही. घर म्हणजे आधी सातबारा, सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची पावती. स्मारक त्यानंतर येते. ज्या समाजाला गावात जागा विकत घ्यायची सोय नव्हती, गावकुसाबाहेर जे काही उभारले तेही मालकाच्या मर्जीवर, शहरात आला तर भाड्याच्या खोलीत किंवा महापालिकेच्या लेखी 'अनधिकृत' झोपडीत, त्याच्या लेखकांची घरे शोधायला निघालात तर पहिला मुक्काम कुठे करायचा?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत स्पष्ट दिसला तो लंडनमध्ये. आमच्यापैकी दोघांना तिकडच्या आंबेडकरी मंडळींनी कार्यक्रमाला बोलावले होते. पहिल्याच दिवशी १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ३० लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजून ते घर विकत घेतले. बाबासाहेब तिथे भाडेकरू होते, विद्यार्थी होते, पोटाला चिमटा घेऊन अभ्यास करत होते. त्या घराची किंमत आज एवढी, यातला विनोद त्यांना कळला असता. त्यांचा विषयच 'रुपयाचा प्रश्न' होता. पुढे शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून स्थानिक कौन्सिलने निवासी घराचे संग्रहालय करायला परवानगी नाकारली, चौकशी बसली आणि २०२० मध्ये सरकारी पातळीवर निकाल संग्रहालयाच्या बाजूने लागला. त्या घराबाहेर उभे राहून आम्ही फोटो काढले, त्रिसरण म्हटले. मग चालत काही मिनिटांवर रीजंट्स पार्क रोडवर १२२ क्रमांकाचे घर गाठले. तिथे फ्रेडरिक एंगल्स वीस वर्षांहून अधिक काळ राहिला. त्याच्या भिंतीवरही गोल पाटी आहे.

लंडनच्या या गोल निळ्या पाट्या जगप्रसिद्ध आहेत. ही पद्धत १८६६ साली सुरू झाली. त्यांचे नियम आम्ही तिथे वाचले. व्यक्तीला जाऊन किमान वीस वर्षे झालेली असावीत. ती राहिली ती इमारत उभी असावी आणि ती व्यक्ती आज परत आली तर तिला आपले घर ओळखता यावे. पाटी रस्त्यावरून दिसावी. नियम सरळ आहेत, त्यात जातीचा उल्लेख नाही, कुणाबद्दल आकस नाही. आता हे तीन नियम उचला आणि मराठीतल्या दलित लेखकांना लावून पाहा. पहिल्या नियमात आपले पुष्कळ लोक बसतात. मरायला त्यांनी उशीर केला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमाशी आले की जवळपास सगळे गळतात.

कुणी म्हणेल, हा गरिबीचा प्रश्न आहे, जातीचा कशाला करता? त्याच शहरात उत्तर मिळाले. सोहोतल्या डीन स्ट्रीटवर २८ नंबरच्या घरात कार्ल मार्क्स १८५१ ते १८५६ या काळात राहिला. दोन खोल्या, भाड्याच्या. घरात पैसा नाही, त्याच घरात असताना त्याची दोन मुले गेली. याहून गरीब लेखक कोणता शोधायचा? तरी पाटी आहे, कारण इमारत आहे. गल्ली आहे, घरांना क्रमांक आहेत, भाडेकरूची नोंद आहे. गरीब मार्क्स ज्या भिंतीआड राहिला ती भिंत गरिबांची नव्हती. आपल्याकडे गरिबाला राहायला जी जागा मिळाली ती गरिबाच्याच हाताने, पत्र्याची, पोत्याची, आणि त्यातही जातीप्रमाणे वेगळी. तिला क्रमांक मिळायला पन्नास वर्षे लागतात आणि मिळतो तेव्हा ती पाडायची नोटीस सोबत येते.

परत आल्यावर आम्ही ठरवले की लंडनचे नियम बाजूला ठेवून एक दिवस फक्त घाटकोपरला द्यायचा. पश्चिमेला चिरागनगर. अण्णाभाऊ साठे इथे झोपडीत राहिले. १ ऑगस्ट १९२० चा जन्म, वाटेगावच्या मांगवाड्यातला. ज्या समाजावर इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला, ज्यांना हजेरी द्यावी लागे, त्या समाजातला हा पोर आईवडिलांबरोबर चालत मुंबईला आला. वाटेगाव ते मुंबई, पायी. वाटेत मिळेल ते काम आणि मिळेल तिथे मुक्काम. लेखकाच्या घराचा शोध घ्यायचा तर तो सगळा रस्ताच त्याचे घर म्हणावा लागेल. पुढे १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक, मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा, तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, लोकनाट्ये. शाळा दीड दिवसाची. 'फकिरा' १९५९ मध्ये आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लाल झेंड्याचा माणूस, पण अर्पणपत्रिका कुणाला द्यायची हे त्याला पक्के ठाऊक होते. आजही काही मंडळी अण्णाभाऊंना बाबासाहेबांपासून तोडून स्वतंत्र देव्हाऱ्यात बसवू पाहतात. त्यांनी कृपया ते पान उघडावे.

चिरागनगरात आम्ही विचारत विचारत गेलो. चहाच्या टपरीवर एकाने नावच ऐकले नव्हते. दुसऱ्याने "साठे ना? जयंतीला मिरवणूक निघते ते?" असे म्हणून बोट दाखवले. गल्ली इतकी अरुंद की समोरून पाण्याचा हंडा घेऊन बाई आली तर आपण भिंतीला चिकटायचे. एका म्हाताऱ्या मावशींनी जागा दाखवली. "झोपडी ती नाही रे बाबा," त्या म्हणाल्या. "पत्रा किती वेळा बदलला. पावसात आत पाणी येतं, वर उचलावं लागतं. जागा तीच." मग त्यांनी विचारले, "तुम्ही सर्व्हेवाले का?" त्यांच्या दारात वही घेऊन येणारी माणसे एकाच कामासाठी येतात, हे त्यातून कळले. आम्ही नाही म्हणालो तर त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी आम्हाला आपले फोटोपासचे कागद आणून दाखवले.

इथे अण्णाभाऊंचे स्मारक करण्याची घोषणा किती सरकारांनी केली याची मोजदाद सोडून द्या. झोपडपट्टी पुनर्वसनाशी ते स्मारक जोडले गेले आणि फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. दरम्यान सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला. आम्हाला त्याचा अभिमानच आहे. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले, त्यावर पुस्तक लिहिले, तिथल्या लोकांनी त्यांची आठवण ठेवली. पण हिशेब मांडा: ज्या शहरात लेखक पाहुणा म्हणून काही दिवस राहिला तिथे त्याला जागा मिळाली आणि ज्या गल्लीत बसून त्याने लिहिले तिथली माणसे अजून पात्र की अपात्र या यादीत अडकली आहेत. त्या गल्लीतल्या माणसांवर त्याने कथा लिहिल्या, 'चिरागनगरची भुतं' हे संग्रहाचे नावच आहे. ही भुते जिवंत आहेत आणि त्यांना पर्यायी घर हवे आहे. त्यांना हलवून तिथे चकचकीत संग्रहालय बांधले, त्यात अण्णाभाऊंचा मेणाचा पुतळा आणि पार्किंग केले, तर ते अण्णाभाऊंचे घर असेल का? आमचे उत्तर साफ नाही असे आहे. त्यांच्या शेजाऱ्यांच्या वारसांना त्याच जागी पक्के घर आणि तळमजल्यावर वाचनालय, एवढे झाले तर आम्ही पहिल्या दिवशी पुस्तके घेऊन जाऊ.

आता एक पाऊल मागे जाऊ. पाडलेल्या घराची गोष्ट केली. पण जे घर मिळालेच नाही त्याचे काय? बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला. त्याच नावाच्या कथेतला नायक रेल्वेच्या नोकरीवर गुजरातेत जातो आणि त्याची पहिली अडचण खोली मिळण्याची आहे. जात सांगितली तर दार बंद. लपवली तर रोज रात्री छातीत धडधड, आणि उघड झाले तेव्हा मार. मराठी कथेतल्या एका थोर नायकाचा सगळा झगडा एका भाड्याच्या खोलीभोवती आहे, हे आमच्या समीक्षकांनी पुरेसे लक्षात घेतलेले नाही. ते 'विद्रोह' या शब्दावरच थांबतात. विद्रोहाच्या आधी माणूस खोली शोधत होता.

ही कथा १९१७ साली बडोद्यात प्रत्यक्ष घडून गेली होती. बाबासाहेब परदेशातून शिकून संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जागा नाही, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. सामान उचलून बाहेर पडावे लागले. मित्रांकडे विचारले, तिथेही सोय झाली नाही. मुंबईची गाडी रात्री, तोवर कुठे बसायचे? कामाठी बागेत झाडाखाली बसले. हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आज त्या बागेत संकल्पभूमी आहे, लोक दूरदूरून येतात. आम्हीही गेलो. गाइड नाही, तिकीट नाही, कपाटात ठेवलेला चष्मा किंवा टाक नाही. जगात लेखकांची हजारो घरे संग्रहालये झाली असतील. घर नाकारले गेले ती जागा लाखो लोक डोळ्यांत पाणी आणून पाहतात, असे ठिकाण आम्ही दुसरे पाहिलेले नाही. दुपारी आम्ही तिथे डबा उघडला. शेजारी नागपूरकडचे एक कुटुंब बसले होते. त्यांच्या पोरीने आईला विचारले, "मग ते रात्री कुठे झोपले?" आई म्हणाली, "गाडीत."

याच माणसाने पुढे पुस्तकांसाठी घर बांधले. दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह. त्याआधी परळच्या बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मध्ये दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत वीसेक वर्षे काढली. प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने मजुरांसाठी बांधलेली ही चाळ. 'मूकनायक' निघाले, महाडचा सत्याग्रह झाला, तेव्हाचा पत्ता हाच. शाहू महाराज या चाळीत येऊन गेले. राजगृह सर्वांना माहीत आहे, चाळीचा जिना फार थोड्यांनी चढला आहे. आमच्या मते आधी चाळ पाहावी, मग राजगृह. मग कळते की पुस्तकांना जागा देण्यासाठी कुणी कर्ज काढून घर का बांधतो.

पुस्तके आणि घर यांवरून फलटण आठवले. बेबीताई कांबळे तिथे किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या आधी वाचायच्या. 'जिणं आमुचं' त्यांनी घरच्यांपासून चोरून लिहिले, वह्या लपवून ठेवल्या, आणि कित्येक वर्षांनी ते बाहेर आले. पुस्तक १९८६ मध्ये निघाले. लेखिकेचे घर म्हणून आपण काय दाखवणार? अभ्यासिका नव्हती. टेबल नव्हते. दुकानाचा गल्ला होता आणि वह्या दडवायची जागा होती. इथे आम्हाला आमच्याच चळवळीला चार शब्द सुनवायचे आहेत. पुरुष लेखकाला जातीने घर नाकारले. बाईला घर मिळाले तेव्हा त्या घरातच लिहायची चोरी होती, आणि ती चोरी आपल्याच माणसांपासून होती. बेबीताईंनी हे मुलाखतींतून लपवले नाही. आपण जयंतीच्या भाषणात ते गाळतो.

गोलपिठ्याबद्दल जास्त लिहीत नाही. नामदेव ढसाळांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यातले बरेच रोमँटिक आहे. एवढेच नोंदवतो की १९७२ मध्ये 'गोलपिठा' निघाला तेव्हा प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकर आधी नामदेवबरोबर त्या वस्तीत हिंडले होते. आमच्या दृष्टीने हा पद्धतीचा धडा आहे. तेंडुलकरांसारख्या माणसालाही पत्ता पुरला नाही, सोबत माणूस लागला. दया पवारांचा कावाखाना नागपाड्याजवळ. 'बलुतं' वाचून तिथे जाल तर पुस्तकातले काहीच ओळखू येणार नाही. पुस्तक मात्र नकाशासारखे वापरता येते. कुठल्या वळणावर काय होते, हे त्यात आहे.

सगळीच घरे गेली असेही नाही. पुण्याच्या गंज पेठेतला फुलेवाडा उभा आहे. 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाचे घर. पण तिथे गेल्यावर लोक खोल्या पाहतात, चित्रे पाहतात आणि निघतात. आम्ही पाहुण्यांना आधी पाण्याच्या हौदापाशी नेतो. १८६८ मध्ये जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. लेखकाच्या घरात त्याची खुर्ची पाहायची की त्याने कुणाला आत घेतले ते पाहायचे? महाडचे तळे त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी. एवढी मोठी गोष्ट त्या अंगणात घडली आणि लोक वाड्याच्या लाकडी खांबांशी सेल्फी काढतात.

घाटकोपरच्या त्या दिवसाची दुसरी बाजू सांगायची राहिली. चिरागनगरहून आम्ही पूर्वेला माता रमाबाई आंबेडकर नगरात गेलो. ११ जुलै १९९७ रोजी इथे पोलीस गोळीबारात दहा माणसे मारली गेली. पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणारी वस्ती होती ती. तिथून मुलुंडला. मुलुंडच्या झोपडपट्टीत शाहीर विलास घोगरे राहायचे. गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, त्यांनी त्याच झोपडीत स्वतःला संपवले. जाताना भिंतीवर आंबेडकरी ऐक्याच्या घोषणेचे शब्द लिहिले. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या चित्रपटाची सुरुवात या मृत्यूपासून होते, म्हणून त्यांचा आवाज आणि चेहरा आज पुढच्या पिढीला मिळतो. एका कलावंताने शेवटचे शब्द ज्या भिंतीवर लिहिले ती भिंत लंडनमध्ये असती तर काचेआड असती. आम्ही त्या वस्तीत उभे होतो तेव्हा कुणी काही बोलले नाही. परतताना गाडीत एकाने त्यांचे गाणे सुरू केले आणि अर्ध्यावर थांबवले.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप आमच्याच लोकांचा: हे सगळे व्यक्तिपूजेकडे जाते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध बजावले होते, मग तुम्ही घरांची तीर्थे कशाला करता? आक्षेप गंभीर आहे. दगडाला हार घालून येणे हेच काम असेल तर घरी बसलेले बरे. पण आम्ही घराकडे पुरावा म्हणून जातो. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत दहा माणसे झोपत असताना कुणी पोवाडा कसा रचला, कुठल्या उजेडात, किती वाजता, हे खोली पाहिल्याशिवाय कळत नाही. साहित्याच्या इतिहासाला ते कळणे गरजेचे आहे.

दुसरा आक्षेप धम्माच्या बाजूने येतो: सर्व अनित्य आहे, भिंती पडायच्याच. बरोबर. खुद्द लंडनमध्ये पहिली पाटी १८६७ मध्ये कवी बायरनच्या जन्मघरावर लागली आणि ते घर १८८९ मध्ये पाडले गेले. भिंत पडते, याला आमचा विरोध नाही. कुणाची भिंत आधी पाडायची हे जातीवरून आणि जमिनीच्या भावावरून ठरते, याला आहे. अनित्यतेचा उपदेश झोपडीलाच कसा ऐकवला जातो? वाड्याला संवर्धनाचा निधी मिळतो.

अमेरिकेतल्या काळ्या लेखकांनी हा प्रश्न आपल्या आधी अनुभवला. झोरा नील हर्स्टन ही मोठी लेखिका १९६० मध्ये फ्लोरिडात कंगाल अवस्थेत गेली आणि तिला बिनखुणेच्या जागी पुरले. १९७३ मध्ये अॅलिस वॉकर ही तरुण लेखिका तिथे गेली, गवतात शिरून जागा शोधली आणि स्वतःच्या पैशाने दगड बसवला. त्या शोधावर तिने लेख लिहिला, हर्स्टन पुन्हा वाचली जाऊ लागली, आणि ती शेवटी जिथे राहिली ते छोटे घरही पुढे राष्ट्रीय स्मारक म्हणून नोंदले गेले. क्रम पाहा. आधी कुणीतरी पायाने गेले, मग लिहिले, मग वाचक आले, सरकार सर्वांत शेवटी. आपल्याकडे उलटे आहे. आपण आधी निवेदन घेऊन मंत्रालयात जातो.

निवेदने द्यावीत, पण हातात वेळ फार थोडा आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बी.डी.डी. चाळी, एकूण २०७ इमारती, शंभर वर्षांपूर्वीच्या. पुनर्विकास सुरू आहे आणि लोकांना मोठी पक्की घरे मिळत आहेत. ती मिळायलाच हवीत. ज्यांनी सार्वजनिक संडासाच्या रांगेत आयुष्य घालवले त्यांना वारशाच्या नावाखाली तिथेच राहा म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. वामनदादा कर्डकांसारखी माणसे अशाच चाळींच्या आसऱ्याने मुंबईत राहिली. तरुणपणी त्यांनी देहलवी नावाच्या मास्तरांकडून अक्षरे गिरवली आणि पुढे गावोगाव गात फिरले. याच चाळींच्या पटांगणांत जलसे झाले. जानेवारी १९७४ मध्ये पँथर भागवत जाधव मारला गेला. चाळ पडताना एवढे सगळे ढिगाऱ्यात जाणार असेल, तर त्याआधी कुणीतरी खोली क्रमांक, मजला, कोण राहत होते, कुणी काय ऐकले, हे लिहून घ्यायला हवे. त्याला निधी लागत नाही. दोनशे पानी वही आणि रविवारची दुपार लागते.

आम्ही अशी वही सुरू केली आहे. तिच्यात आतापर्यंत फार काही नाही. मागच्या महिन्यात माटुंगा लेबर कॅम्पला गेलो. नाशिकजवळच्या विहितगावहून बाबुराव बागुल लहानपणी इथे आले, अण्णाभाऊंचे कलापथक इथे गायले. वहीत आम्ही एका जुन्या कार्यकर्त्याकडून ऐकलेली गल्ली लिहिली होती. बुद्धविहाराच्या पायरीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना ती वाचून दाखवली. एक म्हणाले, "चुकीचं आहे, बाबुराव त्या अंगाला राहायचे, नळाच्या पुढे." दुसरे उसळले, "नळ तेव्हा होता कुठे? या अंगाला." पहिल्यांनी काठी उचलून दिशा दाखवली, दुसऱ्यांनी त्यांचा हात धरून उलट्या दिशेला फिरवला. आजूबाजूची पोरे गोळा झाली, त्यातल्या एकाने विचारले, "बाबुराव कोण?" दोघे भांडण थांबवून त्याला सांगू लागले. आम्ही दोन्ही गल्ल्या लिहून घेतल्या.